अँड्र्यू हॅमिल्टन : मुद्रकाची बाजू लढविणारे फिलाडेल्फियाचे वकील

अमेरिका स्वतंत्र होण्याच्या चाळीस वर्षे आधी, 4 ऑगस्ट 1735 रोजी, न्यूयॉर्कच्या न्यायालयात एका मुद्रकावरील खटला सुनावणीस आला. मुद्रकाचे नाव जॉन पीटर झेंगर आणि त्याच्या बाजूने उभे राहिलेले वकील होते अँड्र्यू हॅमिल्टन.

हॅमिल्टन यांचा जन्म 1676 च्या सुमारास स्कॉटलंडमध्ये झाला. तरुणपणीच ते अमेरिकेतील ब्रिटिश वसाहतींत आले आणि पुढे फिलाडेल्फियात स्थायिक झाले. 1717 मध्ये ते पेनसिल्व्हेनियाचे महाधिवक्ता झाले आणि नंतर तेथील विधिमंडळाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. फिलाडेल्फियातील ज्या सभागृहात 1776 मध्ये स्वातंत्र्याचा जाहीरनामा स्वीकारण्यात आला, त्या वास्तूच्या उभारणीतही त्यांचा मोठा वाटा होता.

न्यूयॉर्कचे गव्हर्नर विल्यम कॉस्बी यांच्या कारभारावर झेंगर यांच्या साप्ताहिकातून कठोर टीका होत असे. नोव्हेंबर 1734 मध्ये झेंगर यांना अटक झाली. जामिनाची रक्कम त्यांच्या आवाक्याबाहेरची असल्याने खटला उभा राहीपर्यंत त्यांना तुरुंगातच राहावे लागले. त्या काळात पत्नी ॲना यांनी छापखाना बंद पडू दिला नाही. झेंगर यांच्या दोन्ही वकिलांनी न्यायाधीशांच्या नेमणुकीलाच आव्हान दिले, तेव्हा त्यांची सनद काढून घेण्यात आली. अशा वेळी साठीच्या आसपासचे हॅमिल्टन फिलाडेल्फियाहून आले. या कामासाठी त्यांनी मोबदला घेतला नाही.

तत्कालीन कायद्यानुसार मजकूर खरा असणे हा बचाव ठरत नसे. तो छापला की नाही, एवढेच ज्यूरीने ठरवायचे आणि तो बदनामीकारक आहे काय, हे न्यायाधीशांनी. हॅमिल्टन यांनी झेंगर यांनी मजकूर छापल्याचे आरंभीच मान्य करून सर्वांना चकित केले. मात्र मजकूर असत्य असल्याखेरीज ती बदनामी ठरू शकत नाही, असा युक्तिवाद त्यांनी केला. मुख्य न्यायाधीश जेम्स डीलॅन्सी यांनी तो फेटाळला. तेव्हा हॅमिल्टन थेट ज्यूरीकडे वळले आणि तथ्य व कायदा या दोहोंचा निवाडा करण्याचा अधिकार त्यांचाच असल्याचे पटवून दिले. ज्यूरीने अल्पावधीतच झेंगर यांना निर्दोष ठरविले. न्यूयॉर्क नगराने हॅमिल्टन यांना नगराचे मानद नागरिकत्व आणि सोन्याची डबी देऊन गौरविले.

या निकालाने कायदा बदलला नाही. एका ज्यूरीचा निर्णय इतर न्यायालयांवर बंधनकारक नव्हता. न्यूयॉर्कमध्ये सत्य हा बचाव कायद्याने मान्य होण्यास 1805 साल उजाडावे लागले. त्याच्या आदल्याच वर्षी तेथील न्यायालयात हाच मुद्दा पुन्हा मांडणाऱ्या वकिलाचे आडनावही योगायोगाने हॅमिल्टन होते. ते अलेक्झांडर हॅमिल्टन. दोघांच्या नावांत आजही गल्लत होते.

अँड्र्यू हॅमिल्टन यांचे 4 ऑगस्ट 1741 रोजी फिलाडेल्फियात निधन झाले. त्या दिवशी झेंगर खटल्याला बरोबर सहा वर्षे पूर्ण झाली होती.