फामागुस्तातले चौघे

रणगाड्याची प्रतिकृती बांधायला घेतली की माप लवकर ठरते. तारीख ठरायला वेळ लागतो. कारखान्यातून बाहेर पडला त्या दिवशीचा रणगाडा बांधायचा, रणांगणावर निघाला त्या सकाळचा, की युद्धानंतर डागडुजी होऊन ओट्यावर उभा राहिलेला? रंग, चिखल, ओरखडे, सारे त्या तारखेवर अवलंबून असते. आमच्या कळवणच्या घरी हा उद्योग नातवाने आणला. रिमोटवर चालणारा, मूळच्या सोळाव्या हिश्शाचा सेंच्युरियन रणगाडा त्याला बांधायचा होता. बँकेत हयात गेल्यामुळे मापांच्या हिशेबाचे खाते माझ्याकडे आले आणि त्या हिशेबातूनच मी एका एकवीस वर्षांच्या मुलाच्या आयुष्यापाशी पोचलो. त्या मुलाचे नाव सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल. त्याच्या रणगाड्याचे नाव फामागुस्ता.

परमवीरचक्र विजेत्यांच्या यादीतले हे नाव शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. परंतु त्या अल्पायुष्याचे किती धागे आपल्या महाराष्ट्रात अडकलेले आहेत, हे फारसे कुणाच्या ध्यानात येत नाही. अरुणचा जन्म 14 ऑक्टोबर 1950 रोजी पुण्यात झाला. वडील एम. एल. खेत्रपाल सैन्याच्या इंजिनिअर दलात अधिकारी होते, पुढे ते ब्रिगेडियर झाले. घराणे मूळचे सरगोध्याकडचे, फाळणीनंतर पाकिस्तानात गेलेल्या मुलखातले. पणजोबा शिखांच्या खालसा फौजेतून इंग्रजांशी लढलेले, आजोबा पहिल्या महायुद्धात लढलेले. बदल्यांमुळे गावे बदलत गेली. शाळा झाली ती सिमल्याच्या बाजूला, सनावरच्या लॉरेन्स स्कूलमध्ये. 1967 च्या जूनमध्ये मुलगा पुन्हा पुण्याकडे आला, तो खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत. तिथून डेहराडूनची लष्करी अकादमी आणि 13 जून 1971 रोजी अधिकारपद.

रेजिमेंट मिळाली तीही पुण्याच्या नावाची. पूना हॉर्स हे घोडदळ पेशव्यांशी झालेल्या 1817 च्या तहानंतर उभे राहिले. पुढे घोडे गेले, रणगाडे आले, पण नाव तेच राहिले. 1965 च्या युद्धात या रेजिमेंटचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर सियालकोट आघाडीवर धारातीर्थी पडले आणि त्यांना परमवीरचक्र मिळाले. अरुण रुजू झाला तेव्हा त्या आठवणीला सहा वर्षेही झाली नव्हती.

आता थोडे त्या यंत्राविषयी. सेंच्युरियन हा ब्रिटिश रणगाडा, दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस तयार झालेला. वजन सुमारे 51 टन, ताशी वेग जेमतेम 35 किलोमीटर. आतले मीटिअर इंजिन लढाऊ विमानाच्या मर्लिन इंजिनावरून बेतलेले. सोळाव्या हिश्शाने लहान करायचे म्हणजे लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही सोळाने भागायची. साडेसात मीटरचे धूड मग पावणेदोन फुटांच्या आत येते. वजन मात्र सोळाचा घन, म्हणजे 4,096 ने भागावे लागते. उत्तर येते साडेबारा किलो. टरेटच्या, म्हणजे वरच्या फिरत्या बुरुजाच्या, तोंडाशी सहा इंच जाडीचे पोलाद होते. प्रतिकृतीत त्याची जाडी एक सेंटिमीटरही भरत नाही.

चालवण्याचे तंत्र आपल्याकडच्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. बँकेत असताना मी ट्रॅक्टरची कर्जे पुष्कळ दिली आणि कांद्याच्या वावरात एका चाकाचा ब्रेक दाबून ट्रॅक्टर जागच्या जागी वळवणारे पुष्कळ पाहिले. रणगाडाही असाच वळतो. एका बाजूचा पट्टा मंद केला की गाडी त्या बाजूला तोंड फिरवते. प्रतिकृतीत दोन पट्ट्यांना दोन मोटारी असतात, मध्ये एक रिसीव्हर. हातातल्या पेटीवरची दांडी हलली की रिसीव्हर ती आज्ञा झेलतो आणि मोटारीला पोचवतो. त्याला स्वतःचे मत नसते.

खऱ्या फामागुस्तात मते असलेली चार माणसे होती. पुढे खाली उजवीकडे चालक प्रयाग सिंग. टरेटमध्ये उजव्या अंगाला तोफची नथू सिंग आणि त्याच्या मागे, वर, अरुण. डाव्या अंगाला नंद सिंग. तोफेत गोळा भरणे आणि वायरलेस सांभाळणे ही दोन्ही कामे त्याची. चालकाला समोरचा थोडासा भाग दिसतो, तोफचीला दुर्बिणीतून दिसेल तेवढेच. वर डोके काढून चहूकडे पाहणारा एकटा अधिकारी. त्याच्या शब्दावर उरलेले तिघे चालतात आणि तो स्वतः वायरलेसवरून येणाऱ्या शब्दावर चालतो.

1971 च्या हिवाळ्यात युद्धाचे ढग जमले तेव्हा अरुण अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला होता. चिलखती दलाच्या तिथल्या प्रशिक्षण केंद्रात तरुण अधिकाऱ्यांचा अभ्यासक्रम चालू होता. तो आटोपता घेऊन सर्वांना आपापल्या रेजिमेंटकडे धाडण्यात आले. वाटेत दिल्लीला घरी थांबला तेव्हा त्याने सामानात गोल्फच्या काठ्या आणि मेजवानीचा निळा गणवेश बांधून घेतला. लाहोरला गोल्फ खेळू आणि विजयाच्या मेजवानीला गणवेश लागेलच, असा त्याचा हिशेब. वय पाहता तो हिशेब समजण्यासारखा आहे. आईने निरोप देताना आजोबा-वडिलांच्या नावाला जपायला सांगितले, अशी आठवण त्याच्या घरच्यांनी पुढे अनेकदा सांगितली.

रेजिमेंट होती शकरगडच्या आघाडीवर, बसंतर नदीच्या काठी. 15 डिसेंबरच्या रात्री आपल्या पायदळाने नदी ओलांडून पलीकडे पाय रोवले. परंतु मध्ये सुरुंगांचा रुंद पट्टा होता आणि इंजिनिअर दलाचे जवान तो साफ करत निम्म्यावरच पोचले होते. तेवढ्यात पलीकडून शत्रूच्या रणगाड्यांची चाहूल लागल्याचे निरोप येऊ लागले. पायदळाला रणगाड्यांची सोबत मिळाली नाही तर उजाडेपर्यंत त्यांचा निभाव लागणार नव्हता. पूना हॉर्सचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल हनूत सिंग यांनी सुरुंग न काढलेल्या भागातूनच रणगाडे पुढे घालायचे ठरवले. पहाटेपूर्वी रेजिमेंट पलीकडे पोचली.

16 तारखेला सकाळी आठच्या सुमारास, धुराच्या पडद्याआडून, पाकिस्तानच्या 13 लान्सर्स रेजिमेंटचे पॅटन रणगाडे जरपाल गावाच्या बाजूने चालून आले. तिथल्या आपल्या तुकडीने कुमक मागितली. ती हाक ऐकून निघालेल्यांत अरुण होता. वाटेत शत्रूच्या ठाण्यांवरून आणि तोफांच्या मोर्चांवरून मारा झाला. बरोबरच्या एका रणगाड्याचा प्रमुख पडला. अरुणने ती ठाणी मोडली, माघार घेणाऱ्यांचा पाठलाग करून एक रणगाडा टिपला. मग शत्रू पुन्हा जमवाजमव करून आला आणि त्याने नेमका तो भाग निवडला, जिथे अरुण आणि आणखी दोन अधिकारी आपापले रणगाडे घेऊन उभे होते. त्या झुंजीत शत्रूचे दहा रणगाडे निकामी झाले; त्यांतले चार अरुणचे, असे परमवीरचक्राचे मानपत्र नोंदवते.

या झुंजीतच फामागुस्तावर गोळा बसला आणि रणगाडा पेटला. वायरलेसवरून हुकूम आला की रणगाडा सोडा, बाहेर पडा. हुकूम योग्यच होता. पेटलेल्या रणगाड्यात दारूगोळा असतो. अरुणने तो ऐकला आणि आपली तोफ अजून चालते आहे, असे उत्तर दिले. समोरचे रणगाडे थांबलेले नव्हते आणि तो बाजूला झाला असता तर मधली वाट मोकळी झाली असती. त्याने आणखी एक रणगाडा उडवला. त्यानंतर दुसरा गोळा आला. अरुण आणि नंद सिंग गेले. प्रयाग सिंग आणि नथू सिंग जखमी होऊन वाचले. अधिकारी होऊन अरुणला सहा महिने आणि तीन दिवस झाले होते. त्या जागेवरून शत्रूला पुढे जाता आले नाही आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी युद्ध थांबले.

प्रतिकृतीचे काम इथवर आले की हात थबकतो. सारे तपशील साधता येतात. पट्ट्यांवरच्या झडपांना ओरखडे पाडता येतात, पितळी तारेचे हूक लावता येतात, धुराच्या डब्या बसवता येतात. पंजाबच्या नदीकाठची फिकी, गाळाची माती हवी. आपल्या वावरातली काळी चालत नाही. एवढे सगळे जमले की दांडी सरकवावी आणि रणगाडा ताशी दोन किलोमीटरने, म्हणजे मापाला धरून अगदी बरोबर वेगाने, अंगणात चालू लागतो. पण त्या सकाळी वायरलेसवरून आलेली आज्ञा आणि फामागुस्ताची तोफ यांच्यामध्ये एक माणूस बसलेला होता. त्याने ती आज्ञा मानली नाही, म्हणून आपण त्याचे नाव घेतो. रिसीव्हर बसवताना ही गोष्ट विसरता येत नाही. आणि त्या निर्णयाची किंमत त्याच्याइतकीच नंद सिंगनेही दिली, हीदेखील.

पुढची हकीकत तीस वर्षांनंतरची आहे. 2001 साली ब्रिगेडियर खेत्रपाल, तेव्हा वय 81, आपले जन्मगाव पाहायला पाकिस्तानात गेले. लाहोरला त्यांचे यजमानपद एका निवृत्त पाकिस्तानी अधिकाऱ्याने आग्रहाने मागून घेतले होते. त्या घरात त्यांची फार अदबीने सरबराई झाली. निघण्याच्या आदल्या रात्री यजमान ख्वाजा मोहम्मद नासिर यांनी मनातली गोष्ट सांगितली. 13 लान्सर्समध्ये मेजर असताना त्या सकाळी अरुणच्या समोर उभा ठाकलेला रणगाडा त्यांचा होता. अरुण त्यांच्याच गोळ्याने गेला. त्यांनी त्याच्या धैर्याला सलाम केला. पित्याने ते ऐकून घेतले. सैनिकाने आपले कर्तव्य केले, एवढे त्या वृद्ध सैनिकाला कळत होते. बाप म्हणून त्यांना ती रात्र कशी गेली असेल, याचा अंदाज मुले असलेल्या कुणालाही करता येईल.

खडकवासल्याच्या प्रबोधिनीतल्या संचलन मैदानाला आज खेत्रपालांचे नाव आहे. डागडुजी केलेला फामागुस्ता नगरच्या चिलखती दल केंद्रात जपून ठेवलेला आहे. त्याच केंद्राने 1994 साली उघडलेले रणगाडा संग्रहालय सर्वसामान्यांना पाहता येते. देवळा, मनमाड, येवला, शिर्डी करत कळवणहून सकाळी निघालेले कुटुंब दुपारपर्यंत तिथे पोचते. मुलांना अवश्य न्यावे. सेंच्युरियनच्या शेजारी उभे केले म्हणजे 51 टन म्हणजे काय, ते त्यांना न सांगता कळते.

आमच्याकडे तारीख अखेर ठरली ती 16 डिसेंबर, सकाळी आठच्या आधीची: पट्ट्यांत चिखल, पण रणगाडा धडधाकट. आगीचा काळा रंग नातवाला लावायचा नव्हता आणि मीही तो आग्रह धरला नाही. माणसाची आकृती या मापात जेमतेम अकरा सेंटिमीटरची होते. बहुतेक जण वरचा एक अधिकारी तेवढा बसवतात. आम्ही डाव्या अंगाचे झाकण उघडे ठेवून तिथे नंद सिंगही उभा केला आहे, पुढे प्रयाग सिंगचे डोके दिसते, आणि नथू सिंग आत त्याच्या दुर्बिणीपाशी बसलेला आहे. टरेट बंद केल्यावर तो बाहेरून कुणाला दिसत नाही. त्याची टोपी नातवाने तरीही दोनदा रंगवली.