वाचणाऱ्याच्या डोळ्यांसाठी : जावजी दादाजी



आमच्या मंडळीच्या वर्धापनदिनी उपासनेचा क्रम छापून वाटण्याचे काम एकदा मजकडे आले. संगणकावर मराठी अक्षरांचे कितीतरी नमुने मिळतात. त्यांतला एक वळणावळणाचा नमुना मला फार आवडला, व तोच मी निवडला. कागद देखणा झाला. अनेकांनी शाबासकीही दिली. पण दुसऱ्या बाकावर बसणाऱ्या एका वृद्ध आजींनी तो डोळ्यांजवळ धरून पाहिला, लांब धरून पाहिला आणि मुकाट्याने घडी घालून पिशवीत ठेवला. सर्वांनी मिळून म्हणावयाचे स्तोत्र आले तेव्हा त्या नुसत्या उभ्या होत्या. अक्षर मी माझ्या डोळ्यांसाठी निवडले होते, वाचणाऱ्यांच्या डोळ्यांसाठी नव्हे, हे मला तेव्हा कळले.

त्या दिवशी मला जावजी दादाजी चौधरी यांची आठवण झाली. निर्णयसागर छापखान्याचे नाव आपल्या वडीलधाऱ्यांनी ऐकलेले आहे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्या मराठी कुटुंबांतही एखाद्या जुन्या ग्रंथाच्या पहिल्या पानावर ते सापडते. परंतु तो छापखाना उभा करणाऱ्या माणसाची ओळख फार थोड्यांना असेल. ती करून घेणे आपल्या हिताचे आहे.

जावजींचा जन्म १८३९ साली मुंबईस एका गरीब कुटुंबात झाला. शाळेचे शिक्षण नावापुरतेच झाले, आणि लहान वयातच पोटासाठी काम शोधावे लागले. ते काम त्यांना अमेरिकन मिशनच्या छापखान्यात मिळाले.

या छापखान्याशी आपला जवळचा संबंध आहे. अमेरिकन मिशनरींनी मुंबईत छपाई सुरू केली, आणि १८१७ साली मत्तयाचे शुभवर्तमान तेथे मराठीत छापून निघाले. त्या काळी देवनागरी खिळे मुंबईत तयार होत नसत, ते कलकत्त्याहून आणावे लागले. पुढे याच छापखान्यात अक्षरे कोरण्याचे व ओतण्याचे काम सुरू झाले. थॉमस ग्रॅहम नावाच्या कारागिराने देवनागरी खिळ्यांना सुबक वळण दिले. जावजींसारख्या मुलाला तेथे टाइप घासण्याचे काम होते. ओतून आलेल्या खिळ्याच्या कडा घासून साफ करावयाच्या, एवढेच. कोणी लक्ष देऊ नये असे हे काम. पण दिवसभर अक्षर बोटांत धरून घासणाऱ्या त्या मुलाला अक्षर कोठे जाड असते, कोठे बारीक, आणि कोठे बिघडते, याची पारख आली. मोठ्या शाळेत जे मिळाले नाही ते त्याला या कामात मिळाले.

पुढे त्यांनी टाइम्स ऑफ इंडिया, इंदुप्रकाश अशा ठिकाणी नोकऱ्या केल्या. १८६४ साली, वयाच्या पंचविशीत, स्वतःचा टाइप ओतण्याचा कारखाना काढला. पाच वर्षांनी, १८६९ साली, छापखाना सुरू झाला. तोच निर्णयसागर.

आता या कामातली अडचण काय होती ती पाहू. रोमन लिपीची अक्षरे एकापुढे एक ठेवली की ओळ तयार होते. आपल्या लिपीचे तसे नाही. वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार डोक्यावर बसतात, उकार पायाशी लागतो, आणि जोडाक्षरे तर एकमेकांच्या अंगावर चढतात. खिळे जुळविणाऱ्याच्या पेटीत त्यामुळे शेकडो घरे लागतात. वरच्या रेघा एकमेकींना नीट भिडल्या नाहीत तर शब्द तुटका दिसतो. अक्षराच्या पोटातली पांढरी जागा कोंदट राहिली तर तीत शाई भरते, आणि मग ध आणि घ, भ आणि म यांतला फरक नाहीसा होतो. ख चे दोन भाग दूर पडले तर वाचणारा र आणि व असे वाचतो. धर्मग्रंथ असो वा पंचांग, एका अक्षराने अर्थ फिरतो व एका आकड्याने तिथी चुकते.

खिळा बनविण्याची रीतही कष्टाची होती. प्रथम पोलादाच्या तुकड्यावर अक्षर उलटे कोरावयाचे. मग तो तुकडा तांब्यावर ठोकून ठसा उमटवावयाचा. त्या ठशात शिसे, सुरमा व कथील यांचा रस ओतला म्हणजे खिळा तयार होई. मूळ कोरणीत केसाएवढी चूक राहिली तर ती हजारो खिळ्यांत व लाखो पानांत उतरणार. या कोरणीच्या कामी जावजींना राणोजी रावजी आरू या मित्राची जोड मिळाली. आरूंचा हात आणि जावजींची पारख यांतून जी अक्षरे निघाली, त्यांना निर्णयसागरी वळण म्हणून लोक ओळखू लागले. त्यांत उगाच नखरा नव्हता. अक्षर भरदार होते, पोट मोकळे होते, आणि ओळ सरळ उभी राहत होती.

त्यांनी एकच अक्षर सर्व कामांना लावले नाही, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. संस्कृत ग्रंथ छापताना मूळ श्लोक मोठ्या टाइपात, त्याखाली टीका लहान टाइपात आणि तळाशी पाठभेद त्याहून लहान टाइपात, अशी मांडणी असे. वाचणाऱ्याची नजर मुळावर केव्हा ठेवावी व टीकेवर केव्हा न्यावी, हे अक्षराच्या आकारानेच कळे. १८८१ साली विनायक कोंडदेव ओक यांनी मुलांसाठी बालबोध हे मासिक काढले, तेही निर्णयसागरातच छापले जाई. १८८६ पासून काव्यमाला निघू लागली, आणि तीतून अनेक जुनी संस्कृत काव्ये प्रथमच छापील रूपात लोकांच्या हाती आली. पंडितांचा ग्रंथ आणि लहान मुलांचे मासिक एकाच छताखाली तयार होत होते, आणि दोन्हींच्या अक्षरांची काळजी सारखीच घेतली जात होती.

१८९२ साली जावजींचे निधन झाले. त्यांचे चिरंजीव तुकाराम जावजी यांनी काम पुढे चालविले. मिशनच्या छापखान्यात खिळे घासणाऱ्या मुलाने सुरू केलेले हे काम त्याच्यामागेही अनेक वर्षे मराठी व संस्कृत वाचकांच्या उपयोगी पडत राहिले.

जावजी ख्रिस्ती नव्हते, आणि त्यांना आपल्यात ओढून घेण्याचे कारण नाही. पण आपल्या पूर्वीच्या सेवकांनी शुभवर्तमान सर्वांना वाचता यावे म्हणून जी कला या शहरात आणली, ती या माणसाने शिकून घेतली, वाढविली आणि साऱ्या मराठी समाजाच्या स्वाधीन केली. हे ऋण दोन्ही बाजूंनी मान्य करावे असे आहे.

आपल्या लिपीला आपण बाळबोध म्हणतो. बाळालाही बोध व्हावा असे ते अक्षर. आज आपणांस पोलाद कोरावे लागत नाही. बोटाच्या एका टिचकीने अक्षर बदलते, आणि म्हणूनच आपण निष्काळजी होतो. मंडळीचे पत्रक असो, भिंतीवर लावावयाची सूचना असो किंवा फोनवर सर्वांना पाठवावयाचा मजकूर असो, अक्षर निवडण्यापूर्वी एवढे करावे : एक पान छापून मंडळीतल्या सर्वांत वयस्कर व्यक्तीच्या हाती द्यावे, संध्याकाळच्या उजेडात द्यावे, आणि एखाददुसरे जोडाक्षर असलेली ओळ मोठ्याने वाचावयास सांगावी. ती अडखळली तर दोष तिच्या डोळ्यांना देऊ नये. अक्षर बदलावे, मोठे करावे, ओळींत जागा सोडावी.

पुढच्या वर्षी मी तसेच केले. साधे, मोकळे अक्षर घेतले, आणि छापण्याआधी कागद घेऊन त्या आजींच्या घरी गेलो. त्यांनी चश्मा पुसला, पहिले कडवे सावकाश वाचले, आणि दुसऱ्या कडव्याला वाचता वाचता त्या गाऊ लागल्या. त्या कागदाची कोणी विशेष वाखाणणी केली नाही. मला ती नकोही होती.