ग्रेस हॉपर

ग्रेस ब्रूस्टर मरे हॉपर (९ डिसेंबर, १९०६:न्यू यॉर्क, अमेरिका - १ जानेवारी, १९९२:आर्लिंग्टन, व्हर्जिनिया, अमेरिका) या अमेरिकन गणितज्ञ, संगणकशास्त्रज्ञ आणि अमेरिकेच्या नौदलातील अधिकारी होत्या. संगणकाची आज्ञावली चिन्हांऐवजी इंग्रजी शब्दांत लिहिता यावी, हा विचार त्यांनी पहिल्यांदा चिकाटीने मांडला आणि फ्लो-मॅटिक या भाषेच्या रूपाने तो प्रत्यक्षात आणला. या भाषेच्या पायावर पुढे कोबॉल ही व्यापारी कामकाजाची भाषा उभी राहिली. आज्ञावली वाचणाऱ्या माणसाला ती वेगळ्या स्पष्टीकरणाशिवाय कळली पाहिजे, हे त्यांचे मत होते. त्यामुळे संगणकभाषांचे सौंदर्य, त्यांची वाचनीयता आणि त्यांतील टिप्पण्यांचे स्थान यांविषयीच्या वादात त्यांचे नाव आजही घेतले जाते.

बालपण आणि शिक्षण

ग्रेस यांचे वडील वॉल्टर फ्लेचर मरे हे विमा व्यवसायात होते. आईचे नाव मेरी कॅम्पबेल व्हॅन हॉर्न. तीन भावंडांत ग्रेस थोरल्या. आजोबा न्यू यॉर्क शहराच्या सेवेत स्थापत्य अभियंता होते आणि मोजणीच्या कामावर जाताना नातीला सोबत नेत. लहानपणी गजराचे घड्याळ कसे चालते हे पाहण्यासाठी ग्रेस यांनी ते उघडले. पुन्हा जोडता येईना म्हणून दुसरे उघडले आणि असे करता करता घरातील सात घड्याळे सुटी केली. त्यानंतर आईने त्यांना प्रयोगासाठी एकच घड्याळ राखून ठेवले.

वासर महाविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेत पहिल्या वेळी त्या लॅटिन विषयात कमी पडल्या, म्हणून त्यांचा प्रवेश वर्षभर लांबला. इ.स. १९२८ मध्ये गणित व भौतिकशास्त्र घेऊन त्या पदवीधर झाल्या. येल विद्यापीठातून त्यांनी १९३० मध्ये एम.ए. आणि १९३४ मध्ये गणितातील पीएच.डी. मिळवली. नॉर्वेजियन गणितज्ञ ऑयस्टाइन ओरे हे त्यांचे मार्गदर्शक होते. १९३० मध्येच त्यांचा विवाह व्हिन्सेंट फॉस्टर हॉपर यांच्याशी झाला. १९४५ मध्ये घटस्फोट झाला, मात्र हॉपर हे आडनाव त्यांनी अखेरपर्यंत ठेवले.

अध्यापन

१९३१ पासून त्या वासरमध्येच गणित शिकवीत. त्यांच्या पुढील सर्व कामाचे बीज या वर्गांत सापडते. संभाव्यताशास्त्राचा अभ्यासक्रम सुरू करताना त्या एका सूत्रावर व्याख्यान देत आणि विद्यार्थिनींना त्यावर निबंध लिहायला सांगत. निबंध तपासताना गणिताबरोबरच भाषाही तपासली जाई. आपण गणिताच्या वर्गात आलो आहोत, इंग्रजीच्या नव्हे, अशी तक्रार विद्यार्थिनी करीत. गणित दुसऱ्याला सांगता आले नाही तर ते शिकून उपयोग नाही, असे हॉपर यांचे उत्तर असे. संगणक तेव्हा अस्तित्वात आला नव्हता. पण पुढे यंत्राकडून जे त्यांनी मागितले ते त्या विद्यार्थिनींकडून आधीच मागत होत्या.

नौदल आणि हार्वर्ड मार्क १

दुसऱ्या महायुद्धात त्यांनी नौदलात भरती होण्यासाठी अर्ज केला. वय जास्त होते आणि वजन नियमापेक्षा सुमारे १५ पौंड कमी. खास सवलत मिळवून डिसेंबर १९४३ मध्ये त्या नौदलाच्या महिला राखीव दलात दाखल झाल्या. प्रशिक्षणात पहिल्या आल्या आणि जुलै १९४४ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील हॉवर्ड एकेन यांच्या संगणन प्रकल्पावर रुजू झाल्या.

तेथील मार्क १ हे यंत्र ५१ फूट लांब, ८ फूट उंच आणि सुमारे ५ टन वजनाचे होते. त्याला आज्ञा द्यायच्या त्या कागदी पट्टीवर भोके पाडून. पट्टीवर यंत्रासाठी भोके तेवढी असत; त्यांचा अर्थ सांगणारे माणसाचे शब्द वेगळ्या कागदावर लिहून ठेवावे लागत. आज्ञावली आणि तिचे स्पष्टीकरण या दोन गोष्टी अशा जन्मतःच विभक्त होत्या. हॉपर आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट कॅम्पबेल व रिचर्ड ब्लॉक हे पूर्वी नीट चाललेले आज्ञांचे तुकडे वहीत उतरवून ठेवीत आणि नव्या कामासाठी एकमेकांच्या वहीतून नकलून घेत. नक्कल करताना चुका होत. माणूस नक्कल करण्यात कच्चा आहे आणि यंत्र त्यात पक्के आहे, हा धडा हॉपर यांनी येथेच घेतला.

या यंत्राची माहितीपुस्तिका लिहिण्याचे काम एकेन यांनी त्यांच्यावर सोपवले. रोज लिहिलेला मजकूर त्यांना वाचून दाखवावा लागे. १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेला हा ५०० हून अधिक पानांचा ग्रंथ संगणक कसा चालवावा हे सविस्तर सांगणाऱ्या आरंभीच्या ग्रंथांपैकी एक आहे.

याच प्रयोगशाळेत ९ सप्टेंबर १९४७ रोजी मार्क २ यंत्राच्या रिलेमध्ये एक पतंग अडकलेला सापडला. तो नोंदवहीत चिकटवून खाली शेरा लिहिण्यात आला. आज्ञावलीतील दोषाला बग हा शब्द हॉपर यांनी दिला, असे पुष्कळदा छापले जाते. ते बरोबर नाही. यंत्रातील दोषाला बग म्हणण्याची पद्धत एडिसनच्या काळापासून अभियंत्यांत होती, आणि शेऱ्यातील विनोद त्या जुन्या शब्दावरच आहे. पतंग हॉपर यांना सापडला नव्हता. त्यांनी ती गोष्ट पुढे रंगवून सांगितली आणि लोकप्रिय केली. ती नोंदवही वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहे.

कंपायलर

१९४९ मध्ये हॉपर फिलाडेल्फियातील एकर्ट-मॉकली या कंपनीत गेल्या. ही कंपनी पुढच्याच वर्षी रेमिंग्टन रँडने विकत घेतली. तेथील बायनॅक यंत्रासाठी अष्टमान पद्धतीत हिशेब करावे लागत. हॉपर त्या पद्धतीत इतक्या रुळल्या की त्यांच्या बँकखात्याचा ताळा जमेना. बँकेत काम करणाऱ्या धाकट्या भावाने हिशेब पाहिला, तेव्हा त्या वजाबाक्या अष्टमानात करीत असल्याचे उघड झाले. यंत्राच्या सोयीसाठी माणसाने आपली अंकगणिताची सवय मोडावी, हे त्यांना पटेना.

१९५१-५२ मध्ये त्यांनी युनिव्हॅक यंत्रासाठी ए-० ही प्रणाली तयार केली. तयार तुकडे चुंबकीय फितीवर क्रमांकासह साठवलेले असत. प्रोग्रॅमरने क्रमांक द्यायचे आणि ते तुकडे शोधून, जोडून पूर्ण आज्ञावली यंत्रानेच तयार करायची. असे तुकडे संकलित करते म्हणून तिला कंपायलर हे नाव पडले. आजच्या अर्थाने ती प्रणाली कंपायलरपेक्षा लोडरला अधिक जवळची आहे, तरी यंत्राकडून आज्ञावली लिहवून घेण्याची कल्पना येथे प्रथम ठामपणे अवतरली. संगणक फक्त आकडेमोड करू शकतो, आज्ञावली लिहू शकत नाही, असे सांगून अनेकांनी सुरुवातीला तिच्याकडे दुर्लक्ष केले.

फ्लो-मॅटिक

हॉपर यांचे निरीक्षण असे होते की, गणितज्ञांना चिन्हे आवडतात, परंतु पगारपत्रके आणि मालसाठा सांभाळणाऱ्या मंडळींना ती नकोशी वाटतात. दोन्ही वर्गांवर एकच लेखनपद्धती लादण्याऐवजी त्यांच्या विभागाने दोन भाषा केल्या. मॅथ-मॅटिक ही गणिती कामासाठी आणि फ्लो-मॅटिक, जिचे आधीचे नाव बी-० होते, ती व्यापारी कामासाठी. फ्लो-मॅटिकमध्ये तुलना करा, अमुक क्रमांकाच्या क्रियेकडे जा, अशा अर्थाची इंग्रजी क्रियापदे वापरलेली असत आणि माहितीच्या घटकांना १२ अक्षरांपर्यंत नावे देता येत. एका अक्षराच्या नावांच्या काळात ही मोठीच मोकळीक होती.

ही योजना १९५५ च्या जानेवारीत वरिष्ठांपुढे मांडताना एक गमतीचा प्रसंग घडला, जो हॉपर पुढे व्याख्यानांत सांगत. त्यांनी नमुन्याची आज्ञावली इंग्रजीत चालवून दाखवली आणि शब्दांची यादी बदलून तीच फ्रेंच व जर्मनमध्येही दाखवली. यंत्राच्या दृष्टीने शब्द ही नुसती खूण आहे, एवढेच त्यांना सिद्ध करायचे होते. परंतु अमेरिकेत तयार झालेल्या यंत्राला फ्रेंच-जर्मन समजते हे वरिष्ठांना रुचेना, आणि यंत्र इंग्रजीतच चालेल असे आश्वासन द्यावे लागले. संगणकभाषांतील शब्द इंग्रजीच का, या प्रश्नाचे तांत्रिक उत्तर नाही, हे या प्रसंगातून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच अन्यत्र होत असेल.

कोबॉल

निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालेल अशी एकच व्यापारी भाषा हवी, या मागणीतून मे १९५९ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पुढाकाराने पेंटॅगॉनमध्ये बैठक झाली. तीतून कोडासिल ही संस्था आणि कोबॉल ही भाषा निघाली. हॉपर या तिच्या कार्यकारी समितीच्या तांत्रिक सल्लागार होत्या. भाषेचा आराखडा जीन सॅमेट, हॉवर्ड ब्रॉम्बर्ग आदी सहा जणांच्या गटाने केला. म्हणून हॉपर यांना कोबॉलची जननी म्हणणे सॅमेट यांना मान्य नव्हते, आणि तो आक्षेप रास्त आहे. मात्र आयबीएमच्या कमर्शियल ट्रान्सलेटरसारखे इतर नमुने समोर असले तरी कोबॉलवर सर्वांत ठळक छाप फ्लो-मॅटिकची पडली, हेही तितकेच खरे. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबॉल आज्ञावली आरसीए ५०१ आणि युनिव्हॅक २ या दोन भिन्न यंत्रांवर चालवून दाखवण्यात आली.

भाषेचे रूप कसे असावे यावर समितीत बराच खल झाला. बेरीज-वजाबाकीसाठी शब्द वापरायचे की चिन्हे, हा त्यातला मुख्य मुद्दा होता. शेवटी दोन्ही राहिले: बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार यांची इंग्रजी क्रियापदे आली आणि सूत्र लिहू इच्छिणाऱ्यांसाठी कॉम्प्यूट हे क्रियापदही आले. नावे ३० अक्षरांपर्यंत आणि मध्ये जोडरेघ घेऊन लिहिता येत.

टिप्पणी, म्हणजे यंत्राने वगळायचा आणि माणसाने वाचायचा मजकूर, कशी लिहावी यातही या भाषेची अभिरुची दिसते. १९५७ च्या फोरट्रानमध्ये कार्डाच्या पहिल्या स्तंभात सी हे अक्षर पाडले की ते कार्ड टिप्पणीचे होई. अल्गोल ६० मध्ये कॉमेंट या शब्दापासून अर्धविरामापर्यंतचा मजकूर वगळला जाई. कोबॉलने येथेही वाक्यरचनाच पसंत केली. आज्ञावलीच्या आरंभी रिमार्क्स नावाचा परिच्छेद असे आणि पुढे कोठेही नोट हे क्रियापद लिहून टिप्पणी देता येई. नोट हा परिच्छेदाचा पहिला शब्द असेल तर संपूर्ण परिच्छेद टिप्पणी ठरे; अन्यथा ती पूर्णविरामाशी संपे. वाचायला हे सुबक होते, पण वापरायला धोक्याचे. एक शब्द परिच्छेदाच्या आरंभी आला की मध्ये, यावर पुढची वाक्ये यंत्र पाळणार की वगळणार हे ठरत असे. १९७४ च्या प्रमाणकात नोट आणि रिमार्क्स दोन्ही गेले आणि ओळीच्या सातव्या स्तंभातील तारकाचिन्हाने त्यांची जागा घेतली. शब्दांचा कैवार घेणाऱ्या भाषेला टिप्पणीसाठी अखेर चिन्हच पत्करावे लागले.

कोबॉलचे वाक्यच इतके स्पष्ट असते की वेगळी टिप्पणी क्वचित लागते, असा तिच्या समर्थकांचा दावा असे. तो अर्धाच खरा आहे. किमतीतून सूट वजा करावी हे वाक्य काय घडते ते सांगते. ही सूट ठराविक ग्राहकांनाच का, हे ते सांगू शकत नाही. टीकाकारांचा रोख निराळा होता. डच संगणकशास्त्रज्ञ एडस्गर डाइक्स्ट्रा यांना ही भाषा शिकणाऱ्याच्या बुद्धीला अपायकारक वाटे आणि विद्यापीठांतील अनेकांना तिचा शब्दपाल्हाळ खटके. हॉपर यांच्यापुढचा वाचक मात्र विद्यापीठातला नव्हता. आज्ञावली ज्याच्या कार्यालयाचे काम करते, त्या प्रोग्रॅमर नसलेल्या माणसालाही ती वाचता आली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता.

नौदलातील उत्तरकाळ

१९६६ मध्ये कमांडर या हुद्द्यावर त्या निवृत्त झाल्या, पण १९६७ मध्ये नौदलाने त्यांना सहा महिन्यांसाठी परत बोलावले. ही मुदत वाढतच गेली. कोबॉलचे कंपायलर प्रमाणकानुसार आहेत की नाहीत हे तपासणाऱ्या चाचण्या त्यांच्या देखरेखीखाली तयार झाल्या. वेगवेगळ्या कंपन्या भाषेत आपापली भर घालून तिचे तुकडे पाडीत असताना हे काम फार मोलाचे ठरले. १९७३ मध्ये त्या कॅप्टन, १९८३ मध्ये कमोडोर झाल्या आणि १९८५ मध्ये हे पद रिअर ॲडमिरल या नावाने ओळखले जाऊ लागले. व्याख्यानांत त्या सुमारे ३० सेंटिमीटर लांबीच्या तारेचे तुकडे वाटीत. प्रकाश एका नॅनोसेकंदात कापतो ते हे अंतर. त्यांच्या कार्यालयातील घड्याळाचे काटे उलटे फिरत.

१४ ऑगस्ट १९८६ रोजी बॉस्टन बंदरातील यूएसएस कॉन्स्टिट्यूशन या जुन्या युद्धनौकेवर त्यांचा निवृत्तिसमारंभ झाला. तेव्हा त्या ७९ वर्षांच्या आणि सेवेतील सर्वांत वयस्क अधिकारी होत्या. त्यानंतर त्यांनी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये सल्लागार म्हणून काम केले. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. आर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.

सन्मान आणि वारसा

१९९१ मध्ये त्यांना अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळाले. यूएसएस हॉपर ही विनाशिका १९९७ मध्ये नौदलात दाखल झाली. २०१६ मध्ये त्यांना मरणोत्तर राष्ट्राध्यक्षीय स्वातंत्र्यपदक देण्यात आले आणि २०१७ मध्ये येल विद्यापीठाने आपल्या एका महाविद्यालयाला त्यांचे नाव दिले.

कोबॉल आज्ञावल्या बँका, विमा कंपन्या आणि सरकारी खात्यांत दशकानुदशके चालत राहिल्या. त्यांतील अनेकींत वर्ष दोनच अंकांनी लिहिलेले असल्याने इ.स. २००० जवळ येताच त्या दुरुस्त कराव्या लागल्या. या कामाचा मोठा वाटा भारतीय कंपन्यांकडे आला आणि मुंबई-पुण्यातील अनेक मराठी प्रोग्रॅमरांनी, मूळ लेखक केव्हाच नोकरी सोडून गेलेल्या त्या आज्ञावल्या ओळीओळीने वाचून काढल्या.