तकीउद्दीन दिमश्की (रह.) : घड्याळाचे शास्त्र आणि धूमकेतूचे भाकीत

इस्लामने उपासनेला वेळेची शिस्त लावून दिली आहे. पाच वक्तांची नमाज आपापल्या वेळी फर्ज होते. रोजा पहाटेच्या पहिल्या प्रकाशरेषेपासून सूर्यास्तापर्यंत असतो, जकातीचा हिशेब चांद्र वर्षाने होतो आणि हजचे दिवस ठरलेले असतात. त्यामुळे काळ अचूक मोजण्याची विद्या मुस्लिम समाजात आरंभापासूनच दीनच्या सेवेत वाढली. इजिप्त व शाम प्रांतातील मोठ्या मशिदींमध्ये तेराव्या शतकापासून इमाम व मुअज्जिन यांच्याबरोबर ‘मुवक्कित’ नावाचा अधिकारीही नेमला जाऊ लागला. सूर्य आणि तारे यांचे वेध घेऊन नमाजांच्या वेळा निश्चित करणे हे त्याचे काम. आज आपल्या मशिदीत मेहराबीशेजारी वेळांचा जो तक्ता लटकलेला असतो, त्याच्यामागे अशा शेकडो विद्वानांचे परिश्रम आहेत. त्यांपैकीच एक थोर नाव म्हणजे तकीउद्दीन मुहम्मद इब्ने मारूफ दिमश्की (रह.). त्यांच्या जीवनात विद्येचा उत्कर्ष आहे, तसा एक कठोर बोधही आहे.

तकीउद्दीन यांचा जन्म हिजरी 932, म्हणजे इसवी सन 1526 मध्ये दमास्कस येथे झाला. हे शहर कालमापनाच्या विद्येचे जुने माहेरघर होते. तेथील उमय्या मशिदीच्या जैरून दरवाज्याजवळ बाराव्या शतकात पाण्यावर चालणारे भव्य घड्याळ होते. प्रसिद्ध प्रवासी इब्ने जुबैर यांनी ते 1184 मध्ये स्वतः पाहिले होते. त्याच मशिदीत चौदाव्या शतकात इब्ने शातिर हे मुवक्कित होते. 1371 मध्ये त्यांनी तेथील मिनारावर बसवलेली संगमरवरी छायाघटी नमाजांच्या वेळा दाखवीत असे. या परंपरेच्या सावलीत तकीउद्दीन वाढले.

त्यांचे वडील काजी होते. अरबी भाषा आणि दीनी विषयांचे पहिले धडे त्यांनी वडिलांकडूनच घेतले. पुढे दमास्कस व कैरो येथील उलमांकडे त्यांचे शिक्षण झाले. हनफी फिकहचे विद्वान म्हणून त्यांनी मदरशांत अध्यापन केले आणि काजीपदही भूषविले. मात्र गणित, खगोल आणि यंत्रे यांची ओढ त्यांना स्वस्थ बसू देत नव्हती. 1551 मध्ये, वयाच्या पंचविशीत, त्यांनी यंत्रांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात सहा नळकांड्यांच्या पाणी उपसण्याच्या यंत्राचे आणि वाफेच्या झोताने फिरणाऱ्या भाजणीच्या सळईचे वर्णन आहे. फिकहचा अभ्यास आणि यंत्रांचा अभ्यास या दोन गोष्टी त्यांच्या ठायी एकमेकींच्या आड आल्या नाहीत.

त्या काळी युरोपातील जर्मन शहरांत, विशेषतः न्यूरेंबर्ग आणि ऑग्सबर्ग येथे, पितळी टेबल-घड्याळे बनवणाऱ्या कारागिरांची कला भरास आली होती. ही घड्याळे उस्मानी राजधानीत मोठ्या संख्येने येत. 1547 च्या तहानुसार हॅब्सबर्ग सम्राटांना उस्मानी दरबारास दरवर्षी 30,000 सुवर्णमुद्रांची खंडणी द्यावी लागे. तिच्यासोबत चांदीची भांडी आणि कलाकुसरीची घड्याळेही नजराणा म्हणून पाठवली जात. काहींवर हलणाऱ्या बाहुल्या असत, काही तासातासाला ठोके देत. श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत ती शोभेची वस्तू होऊन बसली. तकीउद्दीन यांनी मात्र घड्याळाची पेटी उघडली आणि आतील चाकांचे गणित शोधले. पुढे 1561 मध्ये वजीरे-आजम झालेले सेमिझ अली पाशा यांच्या संग्रहात अशी अनेक घड्याळे होती. त्या संग्रहाचा आणि त्यांच्या ग्रंथालयाचा तकीउद्दीन यांना मोठा उपयोग झाला.

या अभ्यासातून हिजरी 966 (इ.स. 1559) मध्ये ‘अल्-कवाकिबुद्दुर्रिय्या’ हा ग्रंथ सिद्ध झाला. त्याचा विषय ‘बन्कामात’ म्हणजे घड्याळे. हा शब्द फारसीतील ‘पिंगान’ या शब्दापासून आला आहे. पिंगान म्हणजे कालमापनासाठी पाण्यात सोडायची वाटी, आपल्याकडील घटिकापात्रासारखीच. आपल्या ‘घड्याळ’ या शब्दातही ती घटिका अजून शिल्लक आहे.

ग्रंथात मुख्यतः दोन प्रकारच्या घड्याळांची रचना सांगितली आहे. पहिले वजनाचे. दोरीला टांगलेले वजन खाली उतरते आणि चाके फिरतात. असे घड्याळ उंच जागी बसवावे लागते, ते टेबलावर ठेवता येत नाही. दुसरे कमानीचे. त्यात गुंडाळलेली पोलादी पट्टी, जिला आपले घड्याळजी कमान म्हणतात, उलगडताना चाकांना गती देते. टेबल-घड्याळ शक्य झाले ते या कमानीमुळे. परंतु तिच्यात एक दोष असतो. चावी दिल्याबरोबर ती जोराने ओढते आणि उलगडत जाते तशी क्षीण होते, म्हणून घड्याळ आधी पुढे धावते, नंतर मागे पडते. यावर कारागिरांनी शंकूच्या आकाराच्या कप्पीचा उपाय योजला होता. कमान जोरात असते तेव्हा दोरी शंकूच्या अरुंद टोकावरून ओढली जाते आणि ती क्षीण होते तेव्हा रुंद बाजूवरून. अशा रीतीने ओढ सर्वकाळ सारखी राहते. तकीउद्दीन यांनी ही रचना, चाकांची गती रोखून सोडणारी टिकटिकीची योजना, गजर, ठोके आणि चंद्राच्या कला दाखवणारी तबकडी यांची माहिती क्रमाने लिहिली. ठोके देणाऱ्या यंत्रणेत तर त्यांनी स्वतःची नवी रचना सुचवली. दुसऱ्यांकडून आलेली विद्या त्यांनी संकोच न बाळगता घेतली, तपासली आणि तिच्यात भरही घातली.

त्या घड्याळांच्या मर्यादाही लक्षात घेतल्या पाहिजेत. लंबकाचे घड्याळ ह्युगेन्स यांनी बनवले ते 1656 च्या सुमारास. त्यापूर्वीचे यंत्र दिवसाकाठी पाव तास चुकणे सामान्य होते. शिवाय उस्मानी प्रदेशात दिवसाची गणना सूर्यास्तापासून होई. मगरिबच्या वेळी बारा वाजत आणि तेथून नव्या दिवसाचे तास मोजले जात. सूर्यास्त रोज थोडा पुढेमागे होत असल्याने घड्याळ रोज जुळवून घ्यावे लागे. म्हणजे यंत्र कितीही सुंदर असले तरी त्याला अखेर सूर्याचीच साक्ष काढावी लागे.

1570 मध्ये तकीउद्दीन इस्तंबूलला आले. पुढच्याच वर्षी सुलतान सलीम दुसरे यांनी त्यांना मुनज्जिमबाशी, म्हणजे दरबाराचे प्रमुख खगोलवेत्ते नेमले. आरंभी गलाता बुरुजावरून ते वेध घेत. ग्रहताऱ्यांचे जुने कोष्टक सदोष झाले असून नव्या वेधांवाचून ते सुधारणार नाही, हे त्यांनी दरबाराला पटवले. वजीरे-आजम सोकुल्लू मुहम्मद पाशा आणि सुलतानांचे गुरू खोजा सादुद्दीन यांनी त्यांची बाजू उचलून धरली. सुलतान मुराद तिसरे यांच्या काळात, 1577 मध्ये, तोपखाना भागातील टेकडीवर वेधशाळा कार्यरत झाली. तेथे आठ निरीक्षक, चार लेखनिक व चार साहाय्यक अशी 16 माणसे काम करीत.

या वेधशाळेसाठी तकीउद्दीन यांनी खास घड्याळ बनवले. त्याला तीन तबकड्या होत्या. एकीवर तास, दुसरीवर मिनिटे आणि तिसरीवर मिनिटाचेही लहान भाग दिसत. ज्या युगात बहुतेक घड्याळांना मिनिटाचा काटाच नव्हता, त्या युगातील ही गोष्ट आहे. तिची गरज साध्या हिशेबाने कळते. आकाश 24 तासांत 360 अंश फिरते, म्हणजे तासाला 15 अंश आणि मिनिटाला पाव अंश. पूर्ण चंद्राचे बिंब साधारण अर्ध्या अंशाचे दिसते. तेव्हा घड्याळ एका मिनिटाने चुकले, तर ताऱ्याचे स्थान अर्ध्या चंद्राएवढे चुकणार. दिवसभरात बराच चुकणारा यंत्राचा काटा वेधाच्या थोड्या अवधीपुरता विश्वासार्ह करणे आणि त्यावरून ताऱ्यांमधील अंतर मोजणे, हे त्यांचे धाडस होते. त्याच सुमारास डेन्मार्कमध्ये ट्युको ब्राहे यांचीही वेधशाळा उभी राहत होती. दोघांची उपकरणे परस्परांशी आश्चर्यकारक मिळतीजुळती होती.

इस्तंबूलच्या वेधशाळेचे एक चित्र सुलतान मुराद यांच्या काळच्या हस्तलिखितात सुरक्षित आहे. पगडीधारी विद्वान मेजाभोवती जमले आहेत. कोणी कंपासाने मापे घेत आहे, कोणी वेधयंत्र डोळ्याशी धरले आहे. मागे फळ्यांवर ग्रंथ आहेत आणि मेजावर, उपकरणांच्या गर्दीत, एक टेबल-घड्याळ ठेवलेले आहे. दिवाणखान्यातली शोभेची वस्तू येथे विद्येच्या कामाला लागली होती.

पण हे वैभव तीन वर्षेही टिकले नाही. नोव्हेंबर 1577 मध्ये, रमजानच्या पवित्र महिन्यात, आकाशात लांब शेपटीचा तेजस्वी धूमकेतू दिसू लागला. सुलतानांनी त्याचा अर्थ विचारला. मुनज्जिमबाशी या पदाकडे वेधांबरोबर भाकितांचेही काम असे. तकीउद्दीन यांनी हे चिन्ह उस्मानी सत्तेसाठी शुभ आणि इराणी शत्रूसाठी अशुभ असल्याचे सांगितले. त्यानंतर प्लेगची साथ आली, काही प्रतिष्ठित व्यक्तींचे मृत्यू झाले आणि विरोधकांना निमित्त मिळाले. ऑक्टोबर 1579 मध्ये सोकुल्लू मुहम्मद पाशा यांची हत्या झाली आणि वेधशाळेचा मोठा आधार गेला. आकाशाची रहस्ये शोधू पाहणे राज्यावर संकट ओढवते, असा अभिप्राय शेखुल इस्लाम काजीजादा अहमद शम्सुद्दीन यांनी दिला. दरबारातील गटबाजीही त्यामागे होती. 4 जिलहिज्ज 987, म्हणजे 22 जानेवारी 1580 रोजी सुलतानांच्या हुकमाने वेधशाळा जमीनदोस्त झाली.

या प्रसंगाकडे अनेकजण धर्म विरुद्ध विज्ञान असा संघर्ष म्हणून पाहतात. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांच्या पवित्र चरित्राच्या प्रकाशात पाहिले, तर वेगळेच चित्र दिसते. हजरत मारिया किब्तिया (रजि.) यांच्यापासून झालेले प्रेषितांचे (सल्ल.) पुत्र इब्राहीम यांचे बालवयात निधन झाले. योगायोगाने त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागले. प्रेषितपुत्राच्या मृत्यूमुळेच सूर्य झाकोळला, असे लोक बोलू लागले. दुःखाच्या त्या घडीला, आपल्या घराचा गौरव वाढवणारी ती समजूत प्रेषितांनी (सल्ल.) तत्काळ खोडून काढली. सूर्य-चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कोणाच्या जन्म-मृत्यूने त्यांना ग्रहण लागत नाही, अशी शिकवण देऊन त्यांनी लोकांना नमाज व दुआकडे वळवले.

ही शिकवण समोर ठेवली, की 1577 आणि 1580 या दोन्ही वर्षांची चूक एकच होती असे दिसते. धूमकेतूत विजयाचा संदेश वाचणारे आणि प्लेगचा दोष वेधशाळेवर ठेवणारे, दोघेही आकाशातील घटनेला माणसांच्या नशिबाशी जोडत होते. पहिल्याने शुभशकुन पाहिला, दुसऱ्याने अपशकुन. वेध घेणे, गणित करणे, नमाजाची वेळ आणि किब्ल्याची दिशा शोधणे ही विद्या शरीअतच्या सेवेची आहे. नक्षत्रांवरून भविष्य सांगणे हा गैबवर, म्हणजे जे ज्ञान केवळ अल्लाहकडे आहे त्यावर, केलेला दावा आहे. आपल्या उलमांनी या दोहोंमध्ये फार पूर्वीच भेद केला होता. दरबाराने त्या दोन्ही गोष्टी एका पदात बांधल्या आणि खोट्याची किंमत खऱ्याने चुकवली.

हा दोष एका समाजापुरता नव्हता, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. तोच धूमकेतू ट्युको ब्राहे यांनी मोजला आणि तो चंद्राच्याही पलीकडे असल्याचे सिद्ध केले. परंतु आपल्या राजाला त्यांनीही धूमकेतूचे शुभाशुभ लिहून दिले होते. त्यांची वेधशाळाही राजाश्रय सुटताच 1597 मध्ये ओस पडली आणि पुढे मोडली गेली. फरक नंतरच्या पिढ्यांत पडला. ट्युको यांच्या नोंदी केप्लर यांच्या हाती गेल्या आणि त्यांतून ग्रहगतीचे नियम निघाले. तकीउद्दीन यांच्या नोंदींना तसा वारस लाभला नाही.

वेधशाळा पडल्यानंतर पाच वर्षांनी, हिजरी 993 (इ.स. 1585) मध्ये, तकीउद्दीन (रह.) अल्लाहच्या दरबारी रुजू झाले. उपकरणे नष्ट झाली, पण ग्रंथ उरले. घड्याळांवरील ग्रंथाबरोबरच प्रकाशशास्त्रावरील आणि खगोलकोष्टकावरील त्यांचे लेखन आजही अभ्यासले जाते.

सन्माननीय वाचकहो, आज आपल्या मनगटावर आणि खिशातल्या मोबाइलमध्ये तकीउद्दीन यांच्या कल्पनेपलीकडचे अचूक घड्याळ आहे. फजरची वेळ सेकंदापर्यंत कळते. तरीही ग्रहण लागले की गर्भवतींना घाबरवणारे, तारखांमध्ये शुभ-अशुभ शोधणारे आणि राशिभविष्य चोरून वाचणारे आपल्याच वस्तीत भेटतात. दुसरीकडे, खगोल किंवा गणित शिकू इच्छिणाऱ्या मुलाला ही दुनियेची विद्या आहे म्हणून नाउमेद करणारेही भेटतात. दमास्कसच्या या काजीपुत्राने फिकह आणि दंतचक्रे यांचा अभ्यास एकाच आयुष्यात केला, हे अशा पालकांनी व शिक्षकांनी अवश्य ध्यानात घ्यावे. मुलांना आकाश दाखवावे, मोजायला शिकवावे आणि त्यातून भविष्य वाचण्यापासून त्यांना दूर ठेवावे. अल्लाह आपणास लाभदायक विद्या आणि वेळेची कदर करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.