पानांचे मनोगत जाणणारे जगदीशचंद्र

यवतमाळ जिल्ह्यातील काळ्या जमिनीत कपाशीच्या ओळींमध्ये तुरीच्या ओळी पेरण्याची रीत आहे. आश्विनातील भर दुपारी अशा शेताच्या बांधावर उभे राहून पाहावे. कपाशीची पाने सूर्याकडे तोंड करून पसरलेली दिसतात. शेजारच्या तुरीची पाने मात्र, जमिनीतील ओल कमी झाली असेल तर, उभी होऊन उन्हाकडे केवळ आपली कड करतात. सूर्यप्रकाशाच्या बळावर पान अन्न तयार करते. पण तोच प्रकाश अति झाला, तर त्याला अपाय होतो. पाय नसलेले झाड उन्हातून पळणार कोठे? म्हणून त्याची पानेच स्वतःला सावरतात. वनस्पतींच्या अशा मूक हालचालींचा अभ्यास करण्यात ज्यांनी आपले आयुष्य वेचले, ते आचार्य जगदीशचंद्र बसू होत.

जगदीशचंद्रांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी पूर्व बंगालमध्ये, म्हणजे आजच्या बांगलादेशात झाला. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी होते. तरी त्यांनी मुलाला इंग्रजी शाळेत न घालता बंगाली शाळेत घातले. तेथे शेतकऱ्यांची व कोळ्यांची मुले त्याचे सोबती झाले. त्यांच्याकडून पशुपक्ष्यांच्या आणि जलचरांच्या गोष्टी ऐकता ऐकता निसर्गाविषयीचे कुतूहल त्याच्या मनात रुजले.

कलकत्ता व इंग्लंड येथे शिक्षण घेऊन १८८५ साली ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. तेथे हिंदी प्राध्यापकांना गोऱ्या प्राध्यापकांपेक्षा कमी वेतन मिळे. हा अन्याय त्यांना सहन झाला नाही. वडिलांवर कर्ज असतानाही तीन वर्षे त्यांनी वेतनाला हात लावला नाही. शिकवण्यात मात्र तिळभर कसूर केली नाही. अखेर सरकारने त्यांना मागील सर्व वेतन पूर्ण दराने दिले. त्या पैशातून त्यांनी वडिलांचे कर्ज फेडले.

प्रथम त्यांनी विद्युत्-लहरींवर संशोधन केले. पुढे ते वनस्पतींकडे वळले. १९०१ साली लंडनमध्ये त्यांनी आपले प्रयोग करून दाखविले, तेव्हा काही जाणत्या शास्त्रज्ञांनी विरोध केला व त्यांचा निबंध छापला गेला नाही. जगदीशचंद्र डगमगले नाहीत. वाद घालण्यापेक्षा वनस्पतीकडूनच साक्ष घ्यावी, असे त्यांनी ठरविले. त्यांच्या क्रेस्कोग्राफ या यंत्रावर रोपट्याची वाढ १०,००० पट मोठी होऊन दिसे.

लाजाळूच्या देठाच्या बुडाशी एक फुगीर सांधा असतो. त्यातील पेशींत पाणी कमीजास्त झाले, की पान वरखाली होते. या सांध्यावर वरून प्रकाश पाडला असता पान प्रथम वर उचलले जाते. प्रखर प्रकाशाचा परिणाम सांध्याच्या खालच्या भागापर्यंत पोहोचला, की ते खाली झुकते, असे जगदीशचंद्रांना आढळले. थोडा प्रकाश जवळ ओढतो आणि फार प्रकाश दूर लोटतो, हे त्यांनी इतर वनस्पतींवरही पडताळून पाहिले. तुरीची पाने वळतात, तीही अशाच सांध्यांच्या साहाय्याने.

आज पानाच्या अंतरंगाविषयी आणखी कळले आहे. प्रखर उन्हात पेशीतील हरितकण कडेच्या भिंतींशी सरकून एकमेकांच्या सावलीत राहतात, आणि पानातील पिवळी रंगद्रव्ये जादा प्रकाशाची उष्णता करून ती बाहेर टाकण्यास मदत करतात. जगदीशचंद्रांची काही अनुमाने पुढील शास्त्रज्ञांनी स्वीकारली नाहीत. तरी वनस्पती जड नाही, प्रत्येक आघाताला ती उत्तर देते, हे त्यांचे म्हणणे टिकून राहिले.

१९१७ साली आपल्या जन्मदिनी त्यांनी कलकत्त्यात संशोधन-मंदिर स्थापन केले. १९२० साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना आपले सदस्यत्व दिले. ज्यांच्या देशात त्यांचा निबंध अडला होता, त्यांनीच त्यांचा सन्मान केला. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी या थोर शास्त्रज्ञाने देह ठेवला. धीराने पाहणाऱ्यापाशी मुके पानही बोलू लागते, हे त्यांनी जगाला दाखवून दिले.