टस्कीगीचे बुकर वॉशिंग्टन : खेड्यांच्या शाळांसाठी पैसा कसा उभा राहिला

खेड्यापाड्यांतील शिक्षक व उपदेशक बंधू आमच्याकडे वारंवार एक काम घेऊन येतात, ते म्हणजे मदतीचा अर्ज लिहून देण्याचे. कोणाच्या शाळेचे छप्पर गळत असते, कोणास विहिरीला कठडा बांधावयाचा असतो, कोणास मुलींच्या वसतिगृहासाठी आणखी एक खोली हवी असते. अर्जात गरजांची यादी लांबलचक असते. परंतु गावाने स्वतः आजवर काय उभे केले असे विचारले म्हणजे पुष्कळजण जमिनीकडे पाहू लागतात. ह्यात त्यांचाच दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. ज्यांच्या घरी एक वेळची भाकर कष्टाने मिळते त्यांनी आणखी काय द्यावे, हा प्रश्न खराच आहे. ह्या प्रश्नाशी ज्यांनी जन्मभर झुंज घेतली, अशा एका पुरुषाचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवितो. त्यांना सापडलेले उत्तर सर्वस्वी निर्दोष नव्हते, हेही पुढे दिसून येईल.

बुकर वॉशिंग्टन ह्यांचा जन्म इ. स. १८५६ साली अमेरिकेतील व्हर्जिनिया प्रांतात एका शेतमालकाच्या वाडीवर झाला. आई जेन ही त्या वाडीवरील स्वयंपाकीण व गुलाम. म्हणून कायद्याने मूलही गुलामच. बाप गोरा होता एवढेच लोक बोलत. तो कोण हे त्या मुलास कधी कळले नाही. घर म्हणजे एक लाकडी झोपडी व खाली मातीची जमीन. १८६५ साली यादवी युद्ध संपून गुलामांची सुटका झाली, तेव्हा हे कुटुंब पश्चिम व्हर्जिनियातील माल्डन गावी गेले. तेथे सावत्र बापाबरोबर ह्या लहान मुलाने मिठाच्या भट्ट्यांवर व पुढे कोळशाच्या खाणीत काम केले. अक्षरओळख झाली ती कामाच्या आधी व कामाच्या नंतर उरलेल्या वेळात.

हॅम्प्टन येथे मुक्त झालेल्या लोकांच्या मुलांसाठी एक विद्यालय आहे व तेथे गरिबास कामाच्या बदल्यात शिकता येते, असे त्याने खाणीत दोघांच्या बोलण्यातून ऐकले. १८७२ साली तो सुमारे ५०० मैलांच्या प्रवासास निघाला. वाटेत पैसे संपले. रिचमंड शहरात लाकडी पदपथाखाली रात्री निजून व दिवसा जहाजावर हमाली करून त्याने पुढचे भाडे जमविले. हॅम्प्टनला पोहोचला तेव्हा खिशात ५० सेंट उरले होते. तेथील मुख्य शिक्षिकेने त्याची परीक्षा पुस्तकावर घेतली नाही. एक खोली झाडावयास सांगितली. त्याने ती तीन वेळा झाडली व चार वेळा पुसली, आणि त्यास प्रवेश मिळाला.

येथे एक गोष्ट वाचकांनी ध्यानात घ्यावी. त्या विद्यालयाची फी वर्षास ७० डॉलर होती, आणि ती भरण्याची ताकद ह्या मुलात नव्हती. विद्यालयाचे प्रमुख जनरल आर्मस्ट्राँग हे हवाई बेटांतील मिशनरी आईबापांचे पुत्र. त्यांनी उत्तरेकडील एका गृहस्थास विनंती करून ती रक्कम मिळवून दिली. जेवणाखाण्याचा खर्च मुलाने विद्यालयाच्या खोल्या झाडून व चुली पेटवून बहुतांशी फेडला. म्हणजे परक्याची देणगी व आपले श्रम ह्यांची सांगड त्याने आधी स्वतःच्या देहाने अनुभविली. नेमक्या त्याच काळात, १८७३ साली, आमच्या पुण्यात जोतीराव फुले ह्यांनी आपले गुलामगिरी हे पुस्तक गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांस अर्पण केले होते.

१८८१ साली अलाबामा प्रांताच्या कायदेमंडळाने टस्कीगी गावी कृष्णवर्णीय शिक्षक तयार करण्याच्या शाळेसाठी दरसाल २,००० डॉलर मंजूर केले. पूर्वी गुलाम असलेले कारागीर लुईस अ‍ॅडम्स व एक गोरे सावकार जॉर्ज कॅम्पबेल ह्यांनी आर्मस्ट्राँग ह्यांच्याकडे शिक्षक मागितला, आणि त्यांनी २५ वर्षांच्या वॉशिंग्टन ह्यांस पाठविले. हे तेथे पोहोचून पाहतात तो शाळा नाहीच. सरकारी पैसा फक्त शिक्षकांच्या पगारासाठी होता. जमिनीस, इमारतीस, बाकास, पुस्तकास त्यातील एक सेंटही वापरता येत नव्हता. अनुदानाची ही तऱ्हा आमच्या पुष्कळ वाचकांच्या ओळखीची असेल.

शाळा उघडण्यापूर्वी सुमारे महिनाभर ते त्या परगण्यातील खेड्यांतून फिरले. लोकांच्या झोपड्यांत जेवले, तेथेच निजले. कापूस अगदी दारापर्यंत लावलेला, भाजीपाल्यास वीतभर जागा नाही. सारे कुटुंब एका खोलीत. शाळा म्हणजे एखादे देऊळघर किंवा पडकी लाकडी खोली, आणि पाच मुलांत मिळून एक पुस्तक. त्याच घरांतून हप्त्याने घेतलेला साठ डॉलरांचा बाजाही त्यांनी पाहिला. काय हवे हे त्यांनी असे डोळ्यांनी पाहून ठरविले. ४ जुलै १८८१ रोजी तीस विद्यार्थ्यांनिशी मेथोडिस्ट मंदिराशेजारच्या एका मोडक्या झोपडीत वर्ग सुरू झाला. पाऊस आला म्हणजे एक विद्यार्थी उठून शिक्षकांच्या डोक्यावर छत्री धरी.

तीन महिन्यांनी गावापासून मैलभर अंतरावरील १०० एकरांची एक पडीक वाडी ५०० डॉलरांस विकाऊ निघाली. निम्मी रक्कम आधी द्यावयाची होती. हॅम्प्टनच्या खजिनदारांकडे त्यांनी कर्ज मागितले. संस्थेचा पैसा उसना देण्याचा आपणास अधिकार नाही असे कळवून त्या भल्या गृहस्थांनी स्वतःच्या खिशातून २५० डॉलर दिले. संस्थेच्या पैशात व स्वतःच्या पैशात असा भेद करणारे खजिनदार सर्व मंडळ्यांस लाभोत! वाडीवरील तबेला व कोंबड्यांचा खुराडा झाडून त्यांत वर्ग भरू लागले.

हे कर्ज फेडण्याचे श्रेय सहशिक्षिका ऑलिव्हिया डेव्हिडसन ह्यांस मोठ्या प्रमाणावर आहे. त्या गावातील गोऱ्या व काळ्या अशा दोन्ही लोकांच्या दारी गेल्या. कोणी कोंबडी, कोणी पाव, कोणी केक द्यावा, आणि ते पदार्थ एका संध्याकाळी विकून पैसा जमवावा, असे लहान मेळे त्यांनी भरविले. एके दिवशी सुमारे सत्तर वर्षांची, अंगावर चिंध्या असलेली एक म्हातारी काठी टेकीत आली व तिने सहा अंडी दिली. ती गुलामगिरीत वाढली होती. पैसा तिच्यापाशी नव्हता. पुढे लक्षावधी डॉलर हाताळल्यावरही त्या सहा अंड्यांएवढे कोणत्याही देणगीने आपले मन हलविले नाही, असे वॉशिंग्टन ह्यांनी लिहून ठेविले आहे. तीन महिन्यांत उसने पैसे परत गेले व आणखी दोन महिन्यांत सारी किंमत फिटून जमिनीचे खरेदीखत हाती आले.

पुढे इमारती बांधावयाच्या होत्या. विद्यार्थ्यांनीच विटा पाडाव्यात असे त्यांनी ठरविले. पहिल्या तीन भट्ट्या बिघडल्या. तेव्हा त्यांनी आपले घड्याळ १५ डॉलरांस गहाण ठेवून चौथी भट्टी लाविली, आणि ती साधली. घड्याळ मात्र परत सोडविता आले नाही. त्या विटा इतक्या चांगल्या निघाल्या की शाळेकडे पाहून नाक मुरडणारे गोरे शेजारीही विकत घेण्यास येऊ लागले.

आता उत्तरेकडील श्रीमंतांकडे जाण्याची पाळी आली. पहिल्या दौऱ्यावर आर्मस्ट्राँग ह्यांनी त्यांस आपल्याबरोबर नेले. प्रवासखर्च हॅम्प्टनने सोसला आणि मिळालेली सर्व रक्कम टस्कीगीस दिली. एका वडील संस्थेने धाकट्या संस्थेस आपले दाते दाखवून द्यावेत, हे फार क्वचित घडते. त्यानंतर वॉशिंग्टन वर्षाचे कित्येक महिने एकटे फिरत. कनेक्टिकट प्रांतात एका गृहस्थाच्या घरी ते थंडीवादळातून दोन मैल चालत गेले व रिकाम्या हाताने परतले. दोन वर्षांनी त्याच गृहस्थाकडून १०,००० डॉलरांची हुंडी आली. आगगाड्यांचे मालक हंटिंग्टन ह्यांनी पहिल्या भेटीत २ डॉलर दिले होते. त्यांस कमी लेखले असे वॉशिंग्टन ह्यांनी मानले नाही; आपले काम अजून त्यांस दिसले नाही एवढेच मानले. त्याच गृहस्थांनी मृत्यूपूर्वी थोडे महिने ५०,००० दिले. शिक्षणार्थ ठेविलेल्या निधींचेही असेच झाले. पीबडी निधीने प्रथम ५०० दिले ते १,५०० झाले. स्लेटर निधीने १,००० दिले ते वाढत वाढत १९०१ सालापर्यंत ११,००० वर गेले.

त्यांच्या अर्जाची रीत शिकण्यासारखी आहे. १९०० साली कार्नेगी ह्यांस ग्रंथालयासाठी त्यांनी जे पत्र लिहिले त्यात दैन्याचे वर्णन जवळजवळ नाही. विद्यार्थी १,१००, शिक्षक व कामगार ८६, जमा झालेली पुस्तके १२,००० वर, पण ती ठेवण्यास जागा नाही; इमारतीस सुमारे २०,००० डॉलर लागतील; विटा पाडणे, गवंडीकाम, सुतारकाम, लोहारकाम सर्व विद्यार्थी करतील; शिकून निघालेले पुढे कोठे जातात तेही सांगितले आहे. बस्स, इतकेच. दहा वर्षांपूर्वी प्रत्यक्ष भेटीत ज्यांनी फारसे लक्ष दिले नव्हते त्या कार्नेगींनी ती रक्कम दिली, आणि १९०३ साली आणखी ६,००,००० दिले. घरापासून दूर असतानाही शाळेतील रोजचा अहवाल त्यांस टपालाने मिळत असे. म्हणून दात्याने अचानक काही विचारले तर चाचरण्याचा प्रसंग येत नसे.

परंतु आता काळी बाजू. दात्यांची व सत्ताधाऱ्यांची मर्जी राखावी लागते, आणि त्या मर्जीस किंमत असते. १८९५ साली अटलांटा येथील भाषणात त्यांनी आपल्या लोकांस उद्योगास लागण्याचा उपदेश केला व सामाजिक समतेची मागणी मागे ठेविली. गोऱ्यांनी टाळ्या वाजविल्या. १९०१ च्या नव्या राज्यघटनेने अलाबामातील बहुतेक कृष्णवर्णीयांचा मताचा हक्क हिरावला, तरी ते उघडपणे कडाडले नाहीत. ड्यू बॉइस ह्या विद्वानांनी १९०३ साली त्यांच्यावर कडक टीका केली. त्या काळी कोणास ठाऊक नव्हते की मताच्या हक्कासाठी चाललेल्या खटल्यांस वॉशिंग्टन गुप्तपणे पैसा पुरवीत होते. आमचे मत विचाराल तर त्यांचे मौन आम्हांस खुपते. पण ज्याच्या मागे हजारो मुले उभी आहेत त्याने काय करावे, हे घरी बसून सांगणे सोपे आहे.

टस्कीगी मोठी झाली तरी खेड्यांतील शाळा झोपड्यांतच होत्या. १९०७ साली फिलाडेल्फियाच्या क्वेकर पंथी अ‍ॅना जीन्स ह्या वृद्ध बाईंनी खेड्यांतील कृष्णवर्णीय शाळांसाठी दहा लक्ष डॉलर दिले. त्यातून गावोगाव फिरून शिक्षकांस मदत करणाऱ्या शिक्षिका नेमल्या गेल्या. १९१२ साली शिकागोचे व्यापारी ज्युलियस रोझेनवाल्ड ह्यांनी आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी टस्कीगीस २५,००० डॉलर दिले. त्यातील २,८०० उरले असता वॉशिंग्टन ह्यांनी ते परत केले नाहीत, की गुपचूप दुसरीकडे वळविलेही नाहीत; ह्यातून सहा खेड्यांत लहान शाळा बांधून पाहू काय, असे विचारले. परवानगी मिळाली. १९१३ साली लोचापोका गावची पहिली शाळा झाली. तीत रोझेनवाल्ड ह्यांचे ३०० डॉलर होते, बाकीचा भार स्थानिक लोकांनी रोख व श्रम ह्यांनी उचलला. १९१४ साली आणखी शंभर शाळांस मदत मंजूर झाली. अट एकच : आधी गावाने आपला हिस्सा जमवावा.

१४ नोव्हेंबर १९१५ रोजी वॉशिंग्टन टस्कीगीस मरण पावले. न्यूयॉर्कमध्ये आजारी पडले असता मरण्यास घरी जावयाचे म्हणून ते आगगाडीत बसले होते. मागे शंभरावर इमारती, सुमारे १,५०० विद्यार्थी व जवळजवळ वीस लक्ष डॉलरांचा स्थायी निधी राहिला.

त्यांच्यामागे शाळांचे काम इतके वाढले की टस्कीगीच्या कचेरीस हिशेब आवरेनात. तपासणीत वह्यांचा गोंधळ व काही इमारतींचे कच्चे काम आढळले, आणि १९२० साली रोझेनवाल्ड ह्यांनी तो कारभार तेथून काढून नॅशव्हिल येथे हलविला. संस्थापकाच्या पुण्याईने वही जुळत नाही. १९३२ साली काम थांबले तेव्हा १५ प्रांतांत ४,९७७ शाळा, २१७ शिक्षकनिवास व १६३ कर्मशाळा उभ्या होत्या.

एकूण खर्च सुमारे २ कोटी ८४ लक्ष डॉलर झाला. त्यात रोझेनवाल्ड निधीचे सुमारे ४३ लक्ष, आणि गरीब कृष्णवर्णीयांनी दिलेले सुमारे ४७ लक्ष. ज्याच्या नावाने शाळा ओळखल्या गेल्या त्याच्याहून शेतमजुरांनी अधिक दिले. मोठा भाग सरकारी तिजोरीतून आला, पण त्या तिजोरीत ह्यांचेही कर होतेच. म्हणजे गोऱ्यांच्या मुलांस जे एकदा कर भरून मिळे त्यासाठी ह्यांनी दोनदा पैसे मोजले, आणि बांधलेली इमारत व जमीन पुन्हा सरकारच्या नावे करून दिली. कोठे एकरभर कापूस शाळेसाठी राखीत, कोठे कोंबड्या विकीत. अलाबामातील बोलिगी गावच्या सभेत गुलामगिरी पाहिलेला एक म्हातारा उठला, त्याने एक मळकट पिशवी मेजावर रिती केली. जन्मभराची शिल्लक ३८ डॉलर निघाली.

१९५४ साली वर्णभेदाच्या शाळा बेकायदा ठरल्यावर ह्यांतील पुष्कळ शाळा बंद पडल्या, काही मोडून टाकल्या गेल्या. २००२ साली त्या नष्ट होण्याच्या धोक्यातील ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत घातल्या गेल्या. तेव्हा कित्येक गावांतील म्हाताऱ्या विद्यार्थ्यांनी आपली जुनी शाळा दुरुस्त करण्यास पुन्हा समित्या नेमल्या, पुन्हा वर्गणी जमविली आणि पुन्हा अनुदानाचे अर्ज लिहिले.