लॅम्बर्ट हिचकॉक : एका खुर्चीचा कर्ता

इतिहासाच्या पुस्तकांत आपण राजे आणि सेनापती वाचतो. मला मात्र एका खुर्च्या करणाऱ्याविषयी लिहावेसे वाटते. पाठीवर सोनेरी फळाफुलांची नक्षी असलेली काळी खुर्ची अमेरिकेत आजही हिचकॉक खुर्ची म्हणूनच ओळखली जाते.

लॅम्बर्ट हिचकॉकचा जन्म १७९५ साली कनेक्टिकट राज्यातील चेशायर गावी झाला. लिचफील्ड येथे सायलस चेनी या कारागिराकडे काम केल्यावर १८१८ मध्ये तो बार्कहॅमस्टेडला आला. तेथे नदीच्या पाण्याच्या जोरावर यंत्रे चालवून तो खुर्च्यांचे सुटे भाग करू लागला. पुढे अख्ख्या खुर्च्या तयार होऊ लागल्या. कारखान्याभोवती वस्ती वाढली आणि तिला हिचकॉक्सव्हिल हे नाव पडले.

त्या काळी श्रीमंतांच्या दिवाणखान्यात सोनेरी मुलाम्याचे फर्निचर असे. सामान्य शेतकऱ्याला ते कोठून परवडणार? हिचकॉकच्या कारखान्यात साध्या लाकडावर आधी तांबडा व मग काळा रंग देऊन शिसवीचा भास निर्माण करीत. किंचित ओल्या व्हार्निशवर कागदाचे कापीव साचे ठेवून त्यांतून ब्राँझची पूड घासली की सोनेरी नक्षी उमटे. त्यामुळे काम झपाट्याने होई आणि खुर्ची स्वस्त पडे. पेनसिल्व्हेनियातील जर्मन वसाहतकऱ्यांची रीत निराळी होती. ते लाकडी पेट्यांवर हाताने ट्यूलिप आणि पक्षी रंगवीत आणि पुष्कळदा जिची पेटी तिचे नाव व साल घालीत. हिचकॉकच्या खुर्चीवर मात्र बैठकीच्या मागल्या कडेला कारखानदाराचे नाव, गाव आणि मालाची हमी असे. रंगकाम बहुतांशी स्त्रिया आणि मुले करीत; त्यांची नावे खुर्चीवर नसत.

१८२९ साली हिचकॉकचे दिवाळे निघाले. तरी तो खचला नाही. मेहुणा आर्बा आल्फर्ड याच्या भागीदारीत त्याने धंदा पुन्हा उभा केला. पुढे युनियनव्हिलला नवा कारखाना काढला. पण पूर्वीचे यश लाभले नाही. १८५२ मध्ये तो निवर्तला. १८६५ मध्ये हिचकॉक्सव्हिलचे नाव बदलून रिव्हर्टन झाले.

गावाने नाव टाकले, खुर्चीने राखले. सामान्यांच्या घरात शोभा नेणाऱ्या या माणसाविषयी मला आदर वाटतो. परंतु ती सोनेरी फुले ज्या हातांनी उमटविली, त्या हातांचे ऋण कोणी फेडायचे?